गोटी चोरीला जात नाही, हरवते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात खंडेनवमीचा फोटो पाहिला. एका वर्कशॉपातला होता, टेबलावर नवं लाल कापड, त्यावर पाने, पकडी, हातोड्या ओळीने मांडलेल्या, हळद-कुंकू, झेंडू, नारळ, आणि मागे पोरं हात जोडून उभी. फोटो छानच होता, माझी काही तक्रार नाही. पण मला त्यात एवढंच दिसलं की वर्षातून एक दिवस आपण सगळी हत्यारं शोधून शोधून एका जागी आणतो, पुसतो, मोजतो, ओळीने मांडतो, आणि दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं की परत तीच पेटी आणि तोच ढीग. मी स्वतः चौदा वर्षं असंच केलंय म्हणून बोलतोय, दुसऱ्याला शिकवायला आलो नाही.

अमळनेर तालुक्यात रोडला लागून माझं पत्र्याचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर मुख्य काम, सोबत मोटरसायकल, डिझेल इंजिन, रोटाव्हेटर, पंप, जे येईल ते. सीझनला दोन-तीन पोरं हाताखाली असतात. आमच्याकडे दिवसातून वीस वेळा एकच संवाद चालायचा. खालून ट्रॅक्टरच्या पोटातून आवाज येणार, "आप्पा, तेरानी कोठे शे?" म्हणजे १३ नंबरची गोटी कुठे आहे. मी म्हणणार, "तठेच व्हती ना भो, दख ना त्या ढिगामा." मग ढीग उपसायचा आवाज, खणखण खणखण, मग १२ सापडणार, १४ सापडणार, १७ दोन दोन सापडणार, १३ काही सापडणार नाही. गिऱ्हाईक बाकड्यावर बसून घड्याळ बघतंय. शेवटी पोरगं स्लायडिंग पाना लावणार, तो सटकणार, नट गोल होणार, आणि मग दहा मिनिटांचं काम छन्नी-हातोड्यावर जाणार.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, गोटी म्हणजे सॉकेट, एका बाजूला नटावर बसतं आणि दुसऱ्या बाजूला चौकोनी भोक असतं त्यात टॉमी किंवा रॅचेट, म्हणजे फिरवायचा दांडा, बसतो. आपल्याकडे जास्त करून अर्धा इंची चौकोनाचा सेट चालतो, १० पासून ३२ एमएमपर्यंत. आता सगळ्यात जास्त हरवते कोणती, तर १०, १३, १७ आणि १९. लोक म्हणतात याच कशा चोरीला जातात. भाऊ, चोरीला नाही जात, याच सगळ्यात जास्त हातात असतात. ६ एमएमच्या बोल्टाला १० चं डोकं, ८ च्या बोल्टाला १३ चं, १० च्या बोल्टाला १७ चं आणि १२ च्या बोल्टाला १९ चं, निम्मा ट्रॅक्टर यातच खोलला जातो. जपानी पद्धतीच्या गाड्यांना मग १२ आणि १४ लागते. बॅटरीच्या टर्मिनलला १० लागते. जी वस्तू दिवसात पन्नास वेळा उचलली जाते ती पन्नास जागी ठेवली जाते, आणि त्यातली एक जागा कोणाच्याच लक्षात राहत नाही. २१ ची गोटी कधी हरवली असं ऐकलंय का कोणी? ती बिचारी सेटमध्ये आहे तशीच चकचकीत पडून असते.

आता जे सांगतो ते सांगायला थोडं जड जातं पण पत्र लिहायला बसलोच आहे तर लिहितो. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे पारोळ्याच्या बाजूचा एक पोरगा होता, असेल सतरा-अठराचा, हात चांगला, बोलणं कमी. गव्हाच्या सीझनला माझी २४ ची गोटी गेली. नवीन होती, सेट घेऊन महिना झाला नव्हता. दोन दिवस सगळ्यांनी शोधली. त्याच आठवड्यात त्या पोराने गावात कोणाचं तरी इंजिन परस्पर रिपेर करून दिलं असं कोणीतरी माझ्या कानात घातलं. झालं, मी जोडून टाकलं. चारचौघात त्याला बोललो, आणि हप्त्याच्या पगारातून गोटीचे पैसे कापले. तो एवढंच म्हणाला, "आप्पा, मी नई लिधी, मायनी आन." मी म्हटलं सगळे असंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशी कळलं की सुरतला गेला, मावसभावाकडे.

पोळा झाला आणि त्याच्यानंतर एक ट्रॅक्टर क्लचच्या कामाला आला. तोच ट्रॅक्टर जो त्या आठवड्यात आमच्याकडे होता. क्लचचं काम म्हणजे ट्रॅक्टर मधून दोन तुकडे करावा लागतो. खोलायच्या आधी धुतला, तर टाकीच्या खाली, क्लच हाउसिंगच्या वर एक कंगोरा असतो तिथे ऑइल आणि मातीचा पाव इंच थर बसलेला होता, स्क्रॅपरने खरवडता खरवडता एक गोल वस्तू टुणकन खाली फरशीवर पडली. डिझेलमध्ये बुडवून पुसली. २४. आठ महिने ती गोटी त्या ट्रॅक्टरवर बसून नांगरटी करत फिरत होती, वखरणी पेरणी सगळं करून आली. जाताना घाईत ज्याने तिथे ठेवली तो बहुतेक मीच असणार, कारण वरचं काम मी करत होतो आणि पोरगा खाली होता.

मी गोटी आणि कापलेले पैसे घेऊन त्याच्या गावाला गेलो. त्याच्या बापाने चहा पाजला. पैसे खाटेवर ठेवले तसेच राहिले. गोटी मी खिशातून काढून दाखवली तर त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, पाऊसपाण्याचं बोलले, कपाशीच्या भावाचं बोलले. पोरगा सुरतला गेला तो गेलाच.

त्या दिवशी घरी येऊन मी पेटी पालथी केली. आपली ती पाच कप्प्यांची लोखंडी पेटी असते ना, उघडली की दोन्ही बाजूला पंख पसरते, ती. तिच्यात कप्पे आहेत पण कप्प्यांना अर्थ नाही, जो हात जिथे पोचेल तिथे वस्तू. पेटीचा मुख्य दोष हा की ती बंद केली की भरलेली आहे का रिकामी आहे ते कळत नाही. कमी काय आहे हे दिसायला पाहिजे, जे आहे ते तर दिसतंच. माझा भाचा जळगावला एमआयडीसीत कंपनीत आहे, तो म्हणाला मामा आमच्याकडे याला फाइव्ह एस म्हणतात, जपानची पद्धत आहे, नको ते काढून टाका, उरलेल्याला जागा ठरवा, साफ ठेवा, असं पाच पायऱ्यांचं आहे. कंपनीत त्याचे बोर्ड लावलेले असतात. मी म्हटलं बोर्ड राहू दे, जागा कशी ठरवायची ते सांग. तर तो म्हणाला भिंतीवर पान्याच्या आकाराची सावली रंगवायची. पाना उचलला की सावली उघडी पडते आणि लांबून ओरडून सांगते की इथला गेला आहे. विमानं रिपेर करतात तिथे हीच पद्धत, काम संपल्यावर एक पाना जरी मोजणीत कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. आपण ट्रॅक्टर सोडून देतो आणि पोराचा हप्ता कापतो.

पहिला प्रयोग माझा फसला, तो सांगतो म्हणजे तुमचा कोणाचा फसू नये. मोबाइलवर ते सुंदर व्हिडिओ येतात, ड्रॉवरमध्ये दोन रंगांचा फोम, त्यात प्रत्येक पान्याच्या आकाराचा खड्डा, बघतच राहावं असं. तो फोम महाग, म्हणून मी डोकं लावलं आणि टीव्हीच्या खोक्यातला थर्माकॉल आणला, ब्लेडने तासून सगळ्या गोट्यांचे खड्डे पाडले, दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी पोराने कार्बोरेटर धुतला आणि पेट्रोलचा डबा कलंडला. थर्माकॉलला पेट्रोल लागलं की काय होतं ते ज्याने पाहिलं नसेल त्याने एकदा पाहावं. सूंऽऽ करून बसला खाली, आणि सगळ्या गोट्या चिकट पांढऱ्या लगद्यात. तो लगदा काढायला परत पेट्रोलच लागलं. स्पंजसुद्धा नको, पावसाळ्यात ओल धरतो आणि गोटी खालून गंजते, वरून छान दिसते.

मग घराचं काम काढलं होतं तेव्हा स्वयंपाकघराचा जुना सागाचा दरवाजा निघाला. सौ. म्हणत होती तो पलंगाच्या पाटाला वापरू. मी तो गॅरेजला नेला, त्याचं ऐकून घेणं अजून चालू आहे. दरवाजा भिंतीवर ठोकला पण चिकटवून नाही, मागे दोन-दोन इंची ठोकळे दिले, कारण आमच्या भिंतीला आषाढ-श्रावणात ओल येते आणि मागून हवा खेळली पाहिजे. आणि दाराच्या समोरच्या भिंतीवर नाही लावला, एक तर पावसाची झड येते आणि दुसरं म्हणजे वैशाखात दुपारी तिथे ऊन पडतं, ४५ च्या उन्हात तापलेला पाना हातात घेऊन दाखवा म्हणजे कळेल.

गोट्यांचं असं केलं. ग्रिलवाल्याकडे १२ एमएमची चौकोनी सळई मिळते, खिडक्यांना वापरतात ती. अर्धा इंची गोटीचं चौकोनी भोक असतं १२.७ एमएमचं. म्हणजे ती सळई त्यात सैलसर पण बरोबर बसते, देवाने बनवल्यासारखी. सळईचे सव्वा-सव्वा इंचाचे तुकडे कापले, टोकं कानशीने मारली, आणि एका लोखंडी पट्टीवर ओळीने उभे वेल्ड केले, थोडे वर झुकते, म्हणजे गोटी आपोआप सरकून पडत नाही. इथे पण एक गाढवपणा झाला. १० ते १९ च्या गोट्यांचं अंतर धरून सगळे तुकडे सारखे मारले आणि २७, ३०, ३२ लावायला गेलो तर त्या एकमेकींना धडकतात. परत ग्राइंडर. तेव्हा आधी गोट्या टेबलावर ओळीने मांडा, दोन गोट्यांच्या मध्ये एक बोट जाईल एवढी फट ठेवा, मग खडूने खुणा करा आणि मग वेल्डिंग. लहान डावीकडे, मोठी उजवीकडे, लांब गोट्या खालच्या ओळीत. रॅचेट, टॉमी, एक्स्टेन्शन ही शेजारीच, कारण गोटी एकटी काही कामाची नाही.

गोटीवर नंबर खोदलेला असतो पण ग्रीसच्या हाताने महिनाभरात तो दिसेनासा होतो आणि चाळिशी लागली की तसाही दिसत नाही. त्याला सोपा उपाय. गोटी थिनरने पुसायची, नंबरावर पांढरा ऑइल पेंट बोटाने चोळायचा आणि लगेच कोरड्या चिंधीने वरचा वर पुसून घ्यायचा. खोदलेल्या खाचेत रंग राहतो, बाकी निघून जातो. एका डबीत गावभरच्या गोट्या होतील.

रिंग पाने, फिक्स पाने यांना खिळे ठोकून लटकवणारे पुष्कळ आहेत, मी लाकडी पट्टीला आरीने तिरप्या खाचा पाडल्या, फणीसारख्या, प्रत्येक खाचेत एक पाना. पेचकस आणि पंच-छन्न्यांना ड्रिपच्या कामातले उरलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे, आमच्याकडे त्याला काय तोटा आहे, दर शेतात पडलेले असतात. अॅलन कीला लाकडाच्या ठोकळ्याला भोकं. हातोडीला दोन खिळे. कानशी मात्र एकावर एक टाकायच्या नाहीत, दाते एकमेकांवर घासून मरतात, आणि मग पोरगं म्हणतं कानस खात नाही. व्हर्नियर आणि फिलर गेज, म्हणजे मोजमापाची नाजूक साधनं, दरवाज्यावर लावलेच नाहीत, ते वेगळ्या ड्रॉवरला फ्लॅनेलच्या कापडात, हातोड्यांच्या शेजारी राहणाऱ्या व्हर्नियरवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि ज्यांच्याकडे टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना, आहे त्यांनी काम झाल्यावर त्याची मूठ फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, स्प्रिंग दाबलेली ठेवली की आकडा खोटं बोलायला लागतो.

सगळं लागल्यावर प्रत्येकाच्या कडेने पेन्सिल फिरवली आणि आतून रंग भरला. एमएमला पांढरा, इंचीला पिवळा. ही रंगाची भानगड कशाला असं वाटेल, तर जुन्या मॅसी फर्ग्युसनला इंची नट-बोल्ट असतात आणि आपल्याकडे असे जुने ट्रॅक्टर अजून भरपूर चालतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५, तिथे १९ चालून जाते. १५/१६ ला २४ चालते. पण अर्धा इंच म्हणजे १२.७, त्याला पोरगं १३ लावतं, बसल्यासारखी वाटते, सैल नट असेल तर निघतोही, पण जाम नट असला की तेवढ्या फटीतच कोन मारले जातात. त्यात गोटी बारा कोनी असेल तर आणखी लवकर. ९/१६ ला तर १४ जातच नाही आणि १५ लोळते. म्हणून पिवळ्या घरातली वस्तू पांढऱ्यात दिसली की मला लांबूनच कळतं की आज कोणाचा तरी नट मेला. हवेच्या दाबावर नट खोलायच्या गनच्या काळ्या गोट्या अगदी वेगळ्या, खालच्या फळीवर. साधी चमकणारी क्रोमची गोटी गनला लावायची नाही, ती तडकते आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

लोक म्हणतात आप्पा हे सगळं दिसायला छान, पण कामाच्या गर्दीत, हात ग्रीसने भरलेले असताना, कोण जाऊन जागेवर लावणार. बरोबर आहे, कोणीच नाही लावत, मीपण नाही लावत. त्याच्यासाठी ट्रॅक्टरजवळ एक ताटली असते, पत्र्याची, खाली जुन्या स्पीकरचं चुंबक चिकटवलेलं. हातातली वस्तू एक तर हातात नाही तर ताटलीत. चाकावर नाही, बॉनेटवर नाही, चेसिसवर नाही, खिशात तर अजिबात नाही, कारण खिशातली गोटी घरी जाते आणि घरून धुणं धुताना बायको ती खिडकीत ठेवते आणि तिथून ती चोरीला गेली असं आपण म्हणतो. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ताटल्या रिकाम्या करायच्या आणि दरवाज्याकडे बघायचं. मोजायचं नाही, नुसतं बघायचं. पांढरं-पिवळं कुठे उघडं आहे का. पाच मिनिटं लागतात. आणि ट्रॅक्टर जायच्या आधी परत एकदा बघायचं, कारण गेल्यावर बघून उपयोग नाही, ते मी सांगितलंच वर.

माझ्या मुलाने एक गोष्ट सांगितली ती मला खरीच वाटेना, पण झालेली आहे. १९८० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत अर्कान्सासला जमिनीत उभ्या केलेल्या एका मोठ्या क्षेपणास्त्रावर काम चालू होतं, टायटन-२ म्हणून, वर अणुबॉम्ब बसवलेला. कामगाराच्या हातातून गोटी सुटली. त्यांची गोटी साडेतीन-चार किलोची. ती खाली पडत पडत आपटून उडाली आणि इंधनाच्या टाकीला भोक पाडलं, काही तासांनी सगळं उडालं, एक जण गेला. बॉम्ब फुटला नाही म्हणून बरं. आता आपल्या गोटीने काही असं होत नाही, पण मळणी यंत्राच्या तोंडाशी ठेवलेला पाना कणसांबरोबर आत गेला की काय होतं ते आपल्या शेतकऱ्याला विचारा. आणि विहिरीवर मोटर खोलताना पान्याला सुतळी बांधून दुसरं टोक मनगटाला बांधत जा, आमच्या भागात विहिरींच्या तळाला जेवढे पाने असतील तेवढे दुकानात नसतील.

शेतकऱ्यांना एक वेगळं सांगायचंय. शेतावरच्या खोलीत पान्यांची गोणी असते, गोणीच म्हणतो कारण गोणीच असते, आणि ती कुठे असते तर युरियाच्या गोण्यांना टेकून. खत हवेतली ओल ओढतं आणि लोखंड खातं. नवा पाना एका पावसाळ्यात तांबडा होतो आणि मग म्हणतात आजकाल मालच हलका येतो. बॅटरी चार्ज करायची जागा पण पान्यांपासून लांब पाहिजे, तिच्या वाफेत तेजाब असतं. खताची खोली वेगळी नसेल तर निदान पाने दुसऱ्या भिंतीला, जमिनीपासून वर, आणि मृग लागायच्या आधी एकदा ऑइलच्या चिंधीने पुसून. शेतात न्यायला गोणीऐवजी शिंप्याकडून गुंडाळी शिवून घ्या, जुन्या जीन पँटचं कापड मजबूत असतं, रांगेने कप्पे, एका कप्प्यात एक पाना, गुंडाळून नाडी बांधायची. निघताना उलगडली की रिकामा कप्पा दिसतो. काळ्या मातीत पडलेला पाना एकदा नांगराखाली गेला की पुढच्या पिढीला रोटाव्हेटरच्या पात्यात सापडतो. तुमच्या शेतीच्या पानावर बियाणं, फवारणी, भाव हे रोजच येतं, त्यात कधीतरी पाव कॉलम याला द्या, एवढी विनंती. आयटीआयची पोरं माझ्याकडे येतात, कानस सुरेख मारतात, माप बरोबर घेतात, पण काम झालं की पाना जिथे उभी असतात तिथेच सोडतात. त्यांची चूक नाही, आमच्यासारख्यांच्या गॅरेजमध्ये त्यांनी हेच पाहिलेलं असतं.

राहिला उसनवारीचा प्रश्न. धंदा म्हटला की शेजाऱ्याला पाना द्यावाच लागतो, नाही म्हणता येत नाही आणि परत मागायची लाज वाटते. माझे मामा भुसावळला रेल्वेत होते, ते सांगायचे की टूलरूममधून हत्यार घ्यायचं तर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिडकीवर द्यायचा, हत्यार गेलं त्या खुंटीला बिल्ला लागायचा. वाद नाही, आठवण नाही, बिल्लाच सांगतो कोणाकडे आहे. मी ते आपल्या पद्धतीने केलंय, बिअरच्या बाटल्यांची झाकणं चपटी करून त्यावर रंगाने खुणा, पोरांची एकेक आणि नेहमीच्या उसनवाऱ्यांची एकेक. झाकणं कुठून आली विचारू नका, रोडटच गॅरेज आहे.

यंदाच्या खंडेनवमीला आम्ही टेबल मांडलं नाही, दरवाज्यालाच हार घातला. सगळी घरं भरलेली होती, एक सोडून. १८ इंची पाइप पान्याची सावली आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, उघडी आहे. त्या दिवशी मी लग्नाला गेलो होतो, पोरगं एकटं होतं आणि त्याने झाकण न लावताच पाना देऊन टाकला, आता कोणाला दिला ते त्याला आठवत नाही. पोराला मी काही बोललो नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी केव्हाही आणून द्यावा, दांड्याला निळा रंग आहे आणि जबड्याचा एक दात तुटलेला आहे. मी गॅरेजवर नसलो तर त्या खिळ्यांवर अडकवून जावं, कोणी काही विचारणार नाही.

आपला नियमित वाचक,
एक गॅरेजवाला, ता. अमळनेर, जि. जळगाव